एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी

हवाई दलाचे काम भारतीयांना पेलेल काय, अशी शंका एके काळी अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात होती. या शंकेला कृतीने उत्तर देणाऱ्या तरुणांत सुब्रोतो मुखर्जी हे अग्रणी होत.

त्यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास एका सुविद्य कुटुंबात झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या विमानविद्यालयात शिक्षण घेण्यासाठी ज्या मोजक्या भारतीयांची निवड झाली, त्यांत ते होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल स्थापन झाले आणि त्याच दिवशी त्यांना अधिकारपद मिळाले. पुढल्या वर्षी कराचीस पहिले पथक उभे राहिले. त्याच्यापाशी विमाने अवघी चार, तीही कापडाने मढविलेली व वरून उघडी! सोबत शिकून आलेल्यांपैकी दोघे थोड्याच काळात अपघातात दगावले. तरीही मुखर्जींचे पाऊल मागे हटले नाही. १९३९ साली ते या पथकाचे प्रमुख झाले; हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय.

१९४० साली वायव्य सरहद्दीवरील मीरनशाह भागात लष्कराच्या एका चौकीस टोळीवाल्यांनी वेढले. चौकीतील काडतुसे संपत आली होती. ती आकाशातून खाली पोहोचविण्याचे कोणतेही साधन विमानात नव्हते. तेव्हा मुखर्जींनी आपल्या विमानातील बंदुकीचीच काडतुसे काढविली, पायमोज्यांत भरविली आणि विमान अगदी खाली नेऊन ती चौकीत टाकली. काडतुसे दिल्यावर आपले विमान निःशस्त्र होणार, हे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच! पण खाली अडकलेल्या शिपायांना त्यांची गरज अधिक होती.

स्वातंत्र्यानंतरही सुमारे सात वर्षे हवाई दलाचे प्रमुखपद एकामागून एक तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे राहिले. मुखर्जींनी हा काळ फाळणीने विभागलेले दल सावरण्यात व स्वतः शिकण्यात घालविला. चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन इंग्लंडच्या संरक्षण महाविद्यालयात गेले. अखेर १ एप्रिल १९५४ रोजी ते पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले. हंटर, कॅनबेरा ही जेट विमाने त्यांच्याच कारकिर्दीत दलात आली.

त्यांच्या पत्नी शारदाबाई या मराठी पंडित घराण्यातील. पुढे १९६२ साली त्या रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या. ते यश पाहणे मात्र मुखर्जींच्या नशिबी नव्हते. ८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियो येथे जेवताना घास श्वासनलिकेत अडकून त्यांचा अंत झाला. ज्या पुरुषाला सरहद्दीवरील गोळ्यांनी सोडले, त्याला एका घासाने नेले! त्यांचे वय तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते.

फुटबॉल हा त्यांचा आवडता खेळ. शालेय मुलांसाठी १९६० साली सुरू झालेल्या स्पर्धेला त्यांचेच नाव लाभले. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळांचे संघही सुब्रोतो चषकासाठी मैदानात उतरतात.