राणी दुर्गावती

जबलपूरजवळ नर्रई नाल्याच्या परिसरात राणी दुर्गावतीची समाधी आहे. कालिंजरच्या चंदेल घराण्यात जन्मलेली ही राजकन्या गढा-कटंगाच्या गोंड राजघराण्याची सून झाली. पती दलपतशाह यांच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्र वीर नारायण याच्या वतीने तिने राज्यकारभार समर्थपणे सांभाळला. माळव्याच्या बाजबहादूराचे आक्रमणही तिने परतवून लावले.

इ. स. १५६४ मध्ये मुघल सरदार असफखान याने मोठ्या सैन्यासह स्वारी केली. नर्रईच्या अरुंद वाटेवर पहिल्या चकमकीत मुघलांना माघार घ्यावी लागली. रात्रीच छापा घालावा, हा राणीचा विचार सरदारांना मानवला नाही. पुढच्या लढाईत मुघलांच्या तोफा आल्या आणि पराक्रमाने लढणारा वीर नारायण जखमी झाला. राणीने विश्वासू सैनिकांसोबत त्याला सुरक्षित स्थळी पाठविले. अनेक योद्धे रणांगणातून निघून गेल्यामुळे तिच्याजवळ जेमतेम तीनशे माणसे उरली, असे 'अकबरनामा' या ग्रंथात नमूद आहे. पुत्राच्या रक्षणाची व्यवस्था करणारी राणी स्वतः मात्र रणात उभी राहिली.

दोन बाण लागून ती घायाळ झाली. शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी मला मार, अशी आज्ञा तिने आपला माहूत आधार याला केली. ज्या हातांनी आजवर स्वामिनीला जपले, ते तिच्यावर उठेनात. हत्ती वेगाने पळवून तिला वाचविण्याची त्याने विनवणी केली. राणीने ती नाकारली आणि स्वतःच्या कट्यारीने प्राण त्यागले. पुढे चौरागडाच्या लढाईत वीर नारायणही कामी आला.