कॉम्प्युटरमध्येही ‘रुमाल टाकून जागा धरतात’, सुरुवात ॲलन ट्युरिंगनं करून दिली होती

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल आत पडतो. जागा धरली जाते, पण सीट कुणी झाडलेली नसते. आधीच्या प्रवाशानं टाकलेली संत्र्याची सालं तिथंच असतात. असेंब्ली भाषेत प्रोग्राम लिहिणारे मेमरीत अशीच जागा धरतात. याच्या मुळाशी जायचं तर ॲलन ट्युरिंगपर्यंत जावं लागतं.

ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, तर आईचे वडील मद्रास रेल्वेत चीफ इंजिनिअर. ॲलनचा जन्म मात्र 23 जून 1912 चा, लंडनचा. आईवडील भारतात असताना पोरगं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढलं. 1936 मध्ये त्यानं कॉम्प्युटरचा गणिती पाया घालणारा निबंध लिहिला. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचं एनिग्मा फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

युद्ध संपलं आणि 1945 मध्ये तो ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला. तिथं त्यानं ‘एस’ या कॉम्प्युटरचा आराखडा मांडला. मोठा प्रोग्राम लहान तुकड्यांत लिहायचा होता. पण एका तुकड्यानं दुसऱ्याला कामाला लावलं, तर काम संपल्यावर परत यायचं कुठं?

ट्युरिंगनं सांगितलं, परतीचा पत्ता मेमरीत पुरून ठेवा आणि काम झालं की उकरून काढा. त्यानं नावंही तशीच दिली, ‘बरी’ आणि ‘अनबरी’. शेवटी पुरलेलं सगळ्यात आधी बाहेर येणार. आज याला स्टॅक म्हणतात.

पुढं याच स्टॅकवर परतीच्या पत्त्याशेजारी फंक्शनचे लोकल व्हेरिएबलही राहू लागले. 32 बाइट हवेत? स्टॅक पॉइंटर 32 नं खाली सरकवा, एका सूचनेत जागा तुमची. ती पुसली जात नाही, म्हणून वेळ वाचतो. नियम एकच, आधी लिहायचं आणि मगच वाचायचं. विसरलात तर जुना कचरा हाती येतो. त्या कचऱ्यात आधीच्या फंक्शननं सोडलेला पासवर्डही असू शकतो.

‘एस’चं काम रखडलं. 1948 मध्ये ट्युरिंग मँचेस्टरला गेला आणि मशीनची छोटी आवृत्ती 1950 मध्ये त्याच्या माघारी सुरू झाली. त्याचा अहवाल कित्येक वर्षं छापलाच गेला नाही. इकडं जर्मनीत बाउअर आणि सामेलसन यांनी स्वतंत्रपणे स्टॅकची कल्पना मांडून 1957 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढं स्टॅकसाठी बाउअर यांचा गौरवही झाला.

तो बघायला ट्युरिंग नव्हता. समलैंगिक संबंधांवरून 1952 मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळण्यासाठी त्यानं हार्मोनची इंजेक्शनं पत्करली. 7 जून 1954 ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला, वय होतं 41. ब्रिटनच्या राणीनं त्याला माफी दिली ती 2013 मध्ये.

आज मोबाइलवर कुठलंही ॲप उघडलं, की आत परतीचे पत्ते पुरणं आणि उकरणं चालूच असतं.