पावसातला सेन्ना

आपल्या वऱ्हाडात शर्यत म्हटली की शंकरपट! कोणती जोडी किती सेकंदात धावली हे तोंडपाठ असणारे मामा आमच्याकडेही आहेत. पण मेकॅनिकलला आलो आणि एका रात्री रूममेटने आयर्टन सेन्नाची जुनी शर्यत दाखवली. दुसऱ्या दिवशीचं सबमिशन बोंबललं!

सेन्ना ब्राझीलचा. जन्म २१ मार्च १९६०, साओ पावलो. ४ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून छोटी कार्ट करून दिली. पुढे कार्टच्या एका शर्यतीत पावसाने त्याची पार फजिती केली. तेव्हापासून पाऊस आला की हा पोरगा कार्ट घेऊन ट्रॅकवर! १९८४ ला मोनॅकोच्या भर पावसात टोलमनसारख्या साध्या गाडीत १३ व्या जागेवरून तो दुसरा आला. पुढे फक्त अ‍ॅलन प्रोस्ट होता, आणि शर्यत मध्येच थांबवली गेली. पहिला विजयही पावसातलाच, १९८५ चा, पोर्तुगालमध्ये.

१९८८ ला हे दोघं मॅक्लारेनमध्ये एकत्र आले. १६ पैकी १५ शर्यती त्यांच्याच. सेन्ना ८, प्रोस्ट ७. एकूण गुण प्रोस्टचे जास्त होते, पण नियमाप्रमाणे सर्वोत्तम ११ निकालच धरायचे (आपल्या सेशनलचं बेस्ट ऑफ टू असतं ना, तसंच). जगज्जेता सेन्ना झाला. १९८९ ला जपानच्या सुझुकात दोघं एकमेकांना धडकले. प्रोस्ट उतरून गेला. सेन्ना धक्का मारून घेऊन पुन्हा निघाला, जिंकला, आणि बाद ठरला. किताब प्रोस्टला. सेन्नाने तो राग वर्षभर जपला. १९९० ला तिथेच, पहिल्याच वळणावर, त्याने प्रोस्टच्या फेरारीत गाडी घातली. दोघंही बाहेर, सेन्ना जगज्जेता! हे मुद्दाम केलं होतं हे त्याने वर्षभराने स्वतःच कबूल केलं. मी त्याचा लय मोठा चाहता, पण हे मला पटत नाही. कोणी मेलं असतं तर?

आणि हाच माणूस १९९२ ला बेल्जियमच्या सरावात आपली गाडी थांबवून भर ट्रॅकवरून धावत गेला आणि अपघातात बेशुद्ध पडलेल्या एरिक कोमासच्या गाडीचं इंजिन बंद केलं.

तिसरा किताब १९९१ चा. १९९४ ला तो विल्यम्सकडे गेला. कॉकपिट अडचणीचं वाटत होतं, म्हणून स्टिअरिंग कॉलम कापून मध्ये कमी व्यासाचा तुकडा वेल्ड केला होता. १ मे, इमोला, ७ वी फेरी. टाम्बुरेलो वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. वय ३४. कॉलम तुटलेला सापडला. २००७ मध्ये इटलीच्या न्यायालयाने दोष त्या कॉलमवर ठेवला. गाडीचा डिझायनर एड्रियन न्यूई मात्र फटीग क्रॅक होती हे मानतो, अपघात तिच्यामुळेच झाला हे मानत नाही. व्यास बदलतो तिथे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, हे मी आजवर २ मार्कांसाठी लिहीत होतो...

आदल्याच दिवशी तिथे रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेला होता. सेन्नाच्या मोडक्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, शर्यत संपल्यावर त्याच्यासाठी फडकवायला घेतलेला. साओ पावलोत सेन्नाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्ट होता.