जेम्स जूल : उष्णतेचा हिशेब मांडणारा संशोधक

इंडक्शन यंत्राच्या वेटोळ्यात ठेवलेला पोलादी भाग किती सेकंदांत लाल होईल, याचा अंदाज अभियंते आज कागदावर बांधतात. या हिशेबाचा पाया घालणारे जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा जन्म इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी मद्यनिर्मिती करणाऱ्या सधन कुटुंबात झाला. शिक्षण घरीच झाले. काही काळ जॉन डाल्टन यांचे मार्गदर्शन लाभले. विद्यापीठाची पदवी नसताना, घरचा व्यवसाय सांभाळून त्यांनी प्रयोग केले.

तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या, तारेच्या रोधाच्या आणि वेळेच्या प्रमाणात असते, हा नियम त्यांनी १८४० मध्ये शोधला. १८४३ मध्ये त्यांनी लोखंडी गाभ्याचे वेटोळे पाण्याने भरलेल्या नळीत ठेवून ते प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवले. प्रवर्तित प्रवाहाने पाणी तापले. ही उष्णता अन्य कोठून वाहत आलेली नसून वेटोळे फिरवण्याच्या श्रमातूनच उपजली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, या रूढ समजुतीलाच हा धक्का होता. त्याच वर्षी कॉर्क येथील विज्ञान परिषदेत हे विचार मांडले गेले. परंतु श्रोत्यांनी त्यांची दखल घेतली नाही. जूल खचले नाहीत. पडत्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवून ते अंशाच्या अल्प भागाइतकी तापमानवाढ मोजत राहिले. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे तरुण विल्यम थॉमसन यांना या कामाचे महत्त्व जाणवले आणि चित्र पालटले. १८५० मध्ये जूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांच्या शोधांमुळे उष्णता आणि वीज एकाच मापाने मोजता येऊ लागली. एक किलो पोलाद ३० वरून ९३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, तर सरासरी विशिष्ट उष्णता ६५० जूल धरून सुमारे ५८५ किलोजूल लागतात. ३० किलोवॉटपैकी २० किलोवॉट प्रत्यक्ष धातूत उतरले, तर वेळ सुमारे २९ सेकंद येतो. पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता आणि गाभ्यापर्यंत ती झिरपण्यास लागणारा अवधी यांमुळे प्रत्यक्षात वेळ थोडा वाढतो.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल येथे जूल यांचे निधन झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव दिले. त्यांच्या समाधीशिळेवर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवण्यास लागणाऱ्या श्रमाचे, फूट-पौंडांतील ते माप आहे.