बादशहा अमानुल्ला खान

विद्यार्थी मित्रांनो, आशियाचा नकाशा उघडा आणि त्यात अफगाणिस्तान शोधा. हा डोंगराळ देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. एकोणिसाव्या शतकात त्याच्या उत्तरेला रशियाचे साम्राज्य पसरत होते. पूर्वेला व दक्षिणेला हिंदुस्थानात इंग्रजांचे राज्य होते. या दोन सत्तांना एकमेकींची भीती वाटे. त्यामुळे अफगाणिस्तानची स्थिती जात्यात सापडलेल्या दाण्यासारखी झाली होती.

1879 साली गंडमक येथे तह झाला. तेव्हापासून अफगाणिस्तानचा परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेला. तेथील राजाला अमीर म्हणत. अमीर देशात राज्य करी. पण इंग्रजांच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या देशाशी करार करता येत नसे. त्याच्या बदल्यात इंग्रज त्याला दरवर्षी मोठी रक्कम देत. घर आपले, पण दाराची किल्ली दुसऱ्याकडे, असा हा प्रकार होता.

अमानुल्ला खान यांचा जन्म 1892 साली झाला. फेब्रुवारी 1919 मध्ये त्यांचे वडील अमीर हबीबुल्ला खान यांची हत्या झाली आणि अमानुल्ला गादीवर आले. त्यांनी लगेच देश पूर्ण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. मे महिन्यात इंग्रजांशी युद्ध सुरू झाले. अफगाण सैन्याची शस्त्रे जुनी होती. इंग्रजांच्या विमानाने काबूलवर बाँब टाकले. पण पहिल्या महायुद्धामुळे इंग्रजही थकले होते आणि हिंदुस्थानात असंतोष पसरला होता. शेवटी 8 ऑगस्ट 1919 रोजी रावळपिंडी येथे तह झाला. इंग्रजांकडून मिळणारी रक्कम बंद झाली. पण देशाचा कारभार देशाच्या हाती आला.

आता खरी कसोटी होती. एका सत्तेच्या हातून सुटून दुसऱ्या सत्तेच्या हाती पडायचे नव्हते. 1921 साली अमानुल्लांनी आधी रशियाशी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी इंग्रजांशीही तह केला. शिवाय त्यांनी दूरच्या देशांशी मैत्री जोडली. काबूलमध्ये फ्रेंच व जर्मन शिक्षकांच्या शाळा निघाल्या. मुलींसाठीही शाळा उघडली. या कामात राणी सुरय्या आणि त्यांचे वडील महमूद तर्झी यांची मोठी मदत झाली. 1923 साली देशाला पहिली राज्यघटना मिळाली आणि गुलामगिरी बंद झाली.

डिसेंबर 1927 मध्ये अमानुल्ला परदेश दौऱ्यावर निघाले. ते आपल्या मुंबईहूनच जहाजाने गेले. युरोपातील अनेक देशांत त्यांचे स्वागत झाले. ते लंडनला गेले, तसेच मॉस्कोलाही गेले. 1928 साली परतल्यावर त्यांनी सुधारणांचा वेग फार वाढवला. प्रतिनिधींना युरोपीय पोशाख घालायला लावला. पण खेड्यांतील लोकांची मने त्यांनी तयार केली नव्हती. कर जड होते. सैनिकांचा पगार तुटपुंजा होता. लोकांना वाटले, आपला धर्म आणि आपल्या चालीरीती धोक्यात आहेत. नोव्हेंबरमध्ये जलालाबादच्या बाजूला बंड उसळले. उत्तरेकडून दुसरे बंडखोर काबूलवर चालून आले. सैन्य राजाच्या पाठीशी उभे राहिले नाही. जानेवारी 1929 मध्ये अमानुल्लांना गादी सोडावी लागली.

देश सोडून ते पुन्हा मुंबईला आले. येथेच त्यांना मुलगी झाली. तिचे नाव त्यांनी इंडिया ठेवले. पुढे ते इटलीत राहिले. 1960 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी जलालाबादला, वडिलांच्या कबरीजवळ झाला.

मित्रांनो, अमानुल्लांनी दोन बलाढ्य शेजाऱ्यांना दूर ठेवले, पण घरच्या माणसांना ते जवळ आणू शकले नाहीत. त्यांची गादी गेली. मात्र त्यांनी मिळवलेले स्वातंत्र्य गादीबरोबर गेले नाही. 19 ऑगस्ट हा दिवस अफगाणिस्तानात आजही स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जातो.