बोटांना उमगलेले गणित : डॉ. मारिया मॉन्टेसरी

चेन्नईच्या मैलापूर भागात, कपालीश्वराच्या मंदिराजवळच्या रस्त्यांवर, सकाळी उंबऱ्यापुढे ‘कोलम’ काढलेले दिसते. तांदळाच्या पिठाचे ठिपके आधी मोजून मांडायचे आणि मग त्यांच्याभोवती रेषा फिरवायची. एक ठिपका चुकला, की आकृतीचा तोल ढळतो. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढली असेल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. रांगोळी काढणारे मूल नकळत मोजणी करते, सममिती सांभाळते. मग तेच गणित फळ्यावर आले, की अनेक मुलांना त्याची भीती का वाटते? या प्रश्नाचे उत्तर डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी मुलांच्या हातांत शोधले. त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे मैलापूरपासून जवळच, अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर गेली.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले या गावी झाला. गणिताची आवड असल्याने लहानपणी त्यांना अभियंता व्हायचे होते. पुढे त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या. स्त्रियांना त्या शिक्षणाची वाट जवळजवळ बंदच होती. तरीही १८९६ साली त्यांनी रोम येथे वैद्यकीय पदवी मिळवली. मतिमंद मुलांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले, की या मुलांना औषधापेक्षा हाताळण्यासाठी वस्तू हव्या आहेत. अशा साधनांनी ती मुले शिकू लागली. तेव्हा इतर मुलांनाही याच मार्गाने का शिकवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत त्यांचे पहिले ‘बालगृह’ सुरू झाले.

या बालगृहातून वाढत गेलेल्या शिक्षणपद्धतीत गणित आणि चित्रकला एकमेकींपासून दूर नव्हत्या. धातूच्या चौकटीत बसणारे वर्तुळ, त्रिकोण, चौरस असे आकार मुलाला दिले जात. मूल कागदावर चौकट ठेवून रंगीत पेन्सिलीने आतील कडा गिरवी, आकृतीत रेषा भरी, एका आकारावर दुसरा ठेवून नक्षी तयार करी. लिहिण्यासाठी बोटे तयार होत आणि भूमितीचे आकारही ओळखीचे होत. संख्यांसाठी सोनेरी मणी होते. एक मणी म्हणजे एकक; दहा मणी तारेत ओवले की दशकाची कांडी; दहा कांड्या जोडल्या की शतकाचा चौरस; असे दहा चौरस रचले की हजाराचा घन. एक आणि हजार यांतील अंतर मुलाला हाताच्या वजनानेच कळे. ही गणित-भूमितीची मांडणी त्यांनी १९३४ साली बार्सिलोनात प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांतून केली.

परंतु तो काळ मुलांना स्वतंत्रपणे विचार करू देणाऱ्या शाळांना अनुकूल नव्हता. मुसोलिनीच्या राजवटीशी मतभेद झाल्यामुळे १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली. १९३६ मध्ये यादवी युद्धामुळे स्पेनही सोडावे लागले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, १९३९ च्या अखेरीस त्या मद्रासला आल्या. सोबत पुत्र मारिओ होते. अड्यार येथील पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक आले होते. मारियाबाई इटालियन भाषेत व्याख्यान देत आणि मारिओ त्याचे इंग्रजी भाषांतर करीत.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला. इंग्रज सरकारच्या दृष्टीने ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. मारिओंना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत ठेवण्यात आले आणि मारियाबाईंच्या हालचालींवर अड्यारच्या आवारापुरती मर्यादा आली. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओंच्या सुटकेचे वृत्त आले. त्यानंतरही युद्ध संपेपर्यंत त्यांना युरोपात परतता आले नाही. या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी काम थांबवले नाही. अड्यारला त्या शिक्षक घडवत राहिल्या; कोडाईकनाल येथे मोठ्या मुलांच्या शिक्षणाचाही त्यांनी विचार केला. १९४६ मध्ये त्या युरोपात गेल्या आणि पुढल्याच वर्षी परत आल्या. १९४८ मध्ये पुण्यातही त्यांचा प्रशिक्षणवर्ग झाला.

एक प्रश्न मात्र उरला होता. कामगार वस्तीत जन्मलेल्या या पद्धतीची साधने गरीब शाळांना परवडत नव्हती. महाराष्ट्रात त्यावर तोड काढली ती ताराबाई मोडक यांनी. १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने हीच साधने केली. सोनेरी मण्यांची जागा परिसरातील वस्तूंनी घेतली. हाताने शिकण्याचे तत्त्व मात्र तेच राहिले.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये डॉ. मॉन्टेसरी यांचे निधन झाले. मुलाला संख्या सांगण्यापूर्वी ती त्याच्या हातात द्यावी, ही त्यांची शिकवण होती. त्यासाठी मूठभर चिंचोकेही पुरतात, हे आपल्या बालवाड्यांनी दाखवून दिले.