आर्थर अ‍ॅश : दोन अस्पृश्यतांशी झुंजलेला खेळाडू

६ फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर अ‍ॅश याचा स्मृतिदिन. दुसऱ्याच दिवशी माता रमाईची जयंती असते. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतून जयंतीची तयारी चालू असते, त्यामुळे आदल्या दिवशीचा हा अमेरिकन माणूस आपल्या लक्षात राहत नाही. टेनिस हा आपल्या पोरांच्या वाट्याला आलेला खेळ नव्हे, हे खरेच. पण अ‍ॅशचे आयुष्य आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. हे नाते तेव्हापासूनचे आहे.

खानदेशच्या माणसाला तर ते लगेच उमगावे. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला आले आणि परतताना चाळीसगावला उतरले. टांगा भाड्याने मिळाला, पण महाराला बसवून तो हाकायला टांगेवाला तयार झाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाची ही गत होती.

या घटनेनंतर चौदा वर्षांनी, १० जुलै १९४३ रोजी, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रिचमंड शहरात अ‍ॅशचा जन्म झाला. तिथेही शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, मैदाने वेगळी. वडील काळ्यांसाठी असलेल्या मैदानाचे रखवालदार होते, घरही मैदानातच होते. म्हणून पोराच्या हाती रॅकेट आली. गोऱ्यांची टेनिस कोर्टे मात्र त्याला बंद होती. सहा वर्षांचा असतानाच आई गेली.

डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे कृष्णवर्णीय डॉक्टर आपल्या घरच्या कोर्टावर काळ्या मुलांना टेनिस शिकवीत. त्यांची शिस्त कडक होती. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या थोडा बाहेर पडला तरी तो आत धरायचा, पंचाशी वाद घालायचा नाही. गोऱ्यांना बाहेर काढायला निमित्त मिळू नये, हा त्यामागचा हिशेब. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या नोकरदाराला हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६३ मध्ये अ‍ॅश अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय ठरला. १९६८ मध्ये त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. तो हौशी खेळाडू असल्याने त्याला रोजचा २० डॉलर भत्ता मिळाला आणि हरलेल्या टॉम ओकरला १४,००० डॉलर! पुढे तो व्यावसायिक झाला. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा आणि १९७५ मध्ये जिमी कॉनर्सला हरवून विम्बल्डन त्याने जिंकले. पुरुष एकेरीत विम्बल्डन जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय अजून झालेला नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने त्याला प्रवेश नाकारला, तरी तो अर्ज करीत राहिला आणि १९७३ मध्ये तिथे जाऊन खेळला.

पण आजार दबा धरून बसला होता. जुलै १९७९ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्याला हृदयविकाराचा झटका आला. डिसेंबरात बायपास शस्त्रक्रिया झाली. पुन्हा कोर्टावर उतरण्याची त्याची उमेद होती. पण पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये धावताना छातीत दुखू लागले आणि एप्रिल १९८० मध्ये त्याने निवृत्ती घेतली. तो घरी मात्र बसला नाही. १९८१ ते १९८५ तो डेव्हिस चषक संघाचा कर्णधार होता; पहिल्या दोन्ही वर्षी अमेरिकेने चषक जिंकला. १९८५ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शने करताना त्याला अटकही झाली.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, दुसरी बायपास झाली. तेव्हा दिलेल्या रक्तातून एचआयव्ही शरीरात शिरला. रक्ताची तपासणी अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. त्याच्यासाठी तिला उशीर झाला होता. १९८८ मध्ये उजवा हात लुळा पडला, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एड्सचे निदान झाले. त्याच वर्षी त्याचा कृष्णवर्णीय खेळाडूंचा तीन खंडी इतिहास प्रसिद्ध झाला. कॉलेजात शिकवताना असे पुस्तकच सापडले नाही, म्हणून तो त्याने स्वतः लिहायला घेतला होता.

आजार त्याने साडेतीन वर्षे झाकून ठेवला. घरी लहान मुलगी होती आणि जग कसे वागते हे त्याला ठाऊक होते. एका वृत्तपत्राने चौकशी सुरू केल्यावर ८ एप्रिल १९९२ रोजी त्याला ते जाहीर करावे लागले. मग मात्र त्याने लपणे सोडले. एड्सविरोधी प्रतिष्ठान काढले. सप्टेंबरात हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाऊससमोर अटक करून घेतली, लगोलग पुन्हा हृदयविकाराचा झटका आला. तरी १ डिसेंबरला तो संयुक्त राष्ट्रसंघात एड्सवर बोलला. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, ४९ व्या वर्षी, तो गेला. एड्सपेक्षाही काळा असण्याचे ओझे आपल्याला जड वाटले, असे त्याचे सांगणे होते.

आता आपल्याकडे पाहू. एचआयव्ही ना स्पर्शाने होतो, ना एका ताटात जेवल्याने. २००४ पासून सरकारी केंद्रांत त्याची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेणारा माणूस वर्षानुवर्षे काम करतो, संसार करतो. बाधिताशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तरीही बाधित विधवेला सासरचे घर सोडावे लागते, तिच्या लेकरांना पंगतीत वेगळे बसवले जाते. हे सवर्णांच्याच गल्लीत घडते असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याही वस्तीत घडते.

महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्यांची आपण लेकरे. आपल्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवला जात असेल, तर आपण बाबासाहेबांना काय समजलो? यंदाच्या रमाई जयंतीला प्रत्येक विहारात यावर दहा मिनिटे बोलले जावे आणि पंगतीत अशा घराला सन्मानाने शेजारी बसवावे. त्याला ना पैसा लागतो, ना कुणाची परवानगी.